ओला डबा, सुका डबा : पुण्याच्या गल्लीतून घेण्यासारखा धडा



घर आणि अंगण झाडून स्वच्छ ठेवणे ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे. सकाळी उंबरठा झाडल्याशिवाय चूल पेटत नसे, असे आपल्या आज्या सांगत. ती सवय आजही टिकून आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु झाडून गोळा केलेला कचरा पुढे कोठे जातो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. कचऱ्याची पिशवी फाटकाबाहेर ठेवली, लॉरी आली, पिशवी गेली, की आपले काम संपले असे आपण समजतो.

काम संपलेले नसते. पिशवी फक्त आपल्या नजरेआड झालेली असते. वाक्वा असो, कास्कावेल असो की पोर्ट लुई असो, आपल्या बेटावरील बहुतेक कचरा शेवटी एकाच ठिकाणी जातो. ते ठिकाण म्हणजे आग्नेय भागातील मार शिकोज. १९९७ साली ही भरावाची जागा सुरू झाली आणि आजही बेटावर तशी दुसरी जागा नाही. दरवर्षी सुमारे पाच लाख टन कचरा तेथे येऊन पडतो. जागा भरत गेली म्हणून आता ढीग उंच करण्याचे काम हाती घ्यावे लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. आसपासच्या गावांतील लोकांनी तो धूर सोसला. मोठ्या देशाला एक जागा भरली की दुसरी शोधता येते. आपल्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरसुद्धा नाही. ऊस, घरे, रस्ते, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दुसरे मार शिकोज कोणाच्या दाराशी ठेवायचे, याचे उत्तर कोणीही सहज देऊ शकणार नाही.

म्हणून घराच्या दारातच कचरा वेगळा करून उचलण्याची पद्धत आपल्याकडे रुजली पाहिजे, असे आता पुष्कळ लोक बोलू लागले आहेत. बोलणे सोपे आहे. एखाद्या मोठ्या शहरात, हजारो घरांच्या वस्तीत, ही पद्धत प्रत्यक्ष सुरू कशी करतात आणि सुरू केलेली टिकते कशी, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. या लेखात आम्ही तेवढेच करू इच्छितो.

परदेशातील दोन उदाहरणे

ही कल्पना अगदी नवी नाही. १९८१ साली कॅनडातील किचनर या शहरात सुमारे एक हजार घरांना एकेक निळी पेटी देण्यात आली. वर्तमानपत्रे, बाटल्या, डबे त्या पेटीत ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी पेटी रस्त्याच्या कडेला ठेवायची, एवढाच नियम होता. शेजाऱ्याची पेटी बाहेर दिसली की आपलीही बाहेर ठेवावीशी वाटे. पुढे ती निळी पेटी जगभर पुनर्वापराची खूण होऊन बसली.

न्यूयॉर्क शहराने १९८९ साली कायदाच केला आणि नागरिकांनी कागद, धातू, काच, प्लास्टिक वेगळे ठेवले पाहिजे असे ठरविले. लोक हळूहळू शिकले. परंतु २००२ साली शहराकडे पैशांची टंचाई झाली, तेव्हा काच आणि प्लास्टिक वेगळे उचलणे काही काळ थांबविण्यात आले. २००४ पर्यंत ते पुन्हा सुरू झाले. वर्गात मुलांना एक नियम शिकवावा, महिन्याने तो रद्द करावा आणि पुन्हा दोन महिन्यांनी लागू करावा, तर मुले काय शिकतात हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. मोठ्या माणसांचेही तसेच आहे. सवय लावायला वर्षे लागतात आणि मोडायला एक सूचना पुरते.

या दोन्ही ठिकाणी पेटी होती, गाडी होती, कायदा होता. आता आम्ही ज्या शहराची हकीकत सांगणार आहोत तेथे सुरुवातीला यांपैकी काहीच नव्हते. तेथे होत्या फक्त पाठीवर पोते घेतलेल्या स्त्रिया. ते शहर म्हणजे पुणे. आपले पूर्वज ज्या कोकणातून आणि साताऱ्या-कोल्हापुराकडून या बेटावर आले, त्या मुलखाला लागूनच हे शहर आहे. त्यामुळे तेथील गोष्ट आपल्याला आपल्याच भाषेत ऐकता येते.

पोते घेऊन निघालेल्या स्त्रिया

पुण्यात फार वर्षांपासून हजारो माणसे कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरीत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या प्रामुख्याने दलित समाजातल्या होत्या. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कुटुंबेही त्यांत पुष्कळ होती. या स्त्रिया उजाडण्यापूर्वी घराबाहेर पडत, रस्त्यावरच्या कचराकुंडीत उतरत, कुजलेल्या अन्नातून विकण्याजोग्या वस्तू निवडत आणि संध्याकाळी भंगारवाल्याकडे वजन करून देत. काच लागे, कुत्री चावत, पोलीस हटकत. शहरातला कितीतरी कागद आणि धातू त्यांच्यामुळे पुन्हा कारखान्यात जात होता. तरीही त्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते.

१९९० च्या सुमारास एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या या वस्त्यांत जाऊ लागल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. त्या अक्षरे शिकवायला गेल्या होत्या. पण शिकवायच्या आधी त्या या स्त्रियांबरोबर फिरल्या आणि त्यांचा दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. कागद आणि काच कुंडीत पडून घाण होण्याआधीच घराच्या दारात वेगळी मिळाली, तर या स्त्रियांना कुंडीत उतरावे लागणार नाही. माल स्वच्छ राहील, भाव चांगला येईल आणि वेळही वाचेल. त्यांनी एका वस्तीतल्या घरांना विनंती केली की, सुका कचरा वेगळा ठेवा आणि तो या बाईंच्या हाती द्या. काही घरांनी ऐकले. पुण्यातल्या या पद्धतीची सुरुवात अशी अगदी लहान झाली.

आम्ही शिक्षक मंडळींनी यातून एक बोध घ्यावा. धडा पुस्तकातून सुरू करायचा की समोरच्या माणसाच्या गरजेतून, हे आधी पाहावे लागते. प्रशिक्षण विद्यालयात ही गोष्ट आम्हालाही शिकवली जाते. पुण्यात ती कचऱ्याच्या डब्यापाशी खरी ठरली.

लवकरच एक अडचण उभी राहिली. घरोघरचा कचरा उचलण्यात पैसा आहे हे पाहून त्याच भागात एक व्यावसायिक आपली गाडी घेऊन आला. वेगळा ठेवलेला चांगला माल गाडीत जाऊ लागला आणि ज्यांच्यासाठी ही व्यवस्था उभी राहत होती त्या स्त्रिया पुन्हा कुंडीपाशी ढकलल्या जाण्याची वेळ आली. त्यांनी विरोध केला. एकेकटीचा आवाज कोणी ऐकत नाही हे त्यांना उमगले, आणि १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात त्यांची परिषद भरली. आठशेहून अधिक कचरावेचक तीत जमले. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव यांचा त्यांना आधार होता. त्याच परिषदेतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. नाव मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या वस्तू लोक फेकून देतात त्यांचीच नावे संघटनेने अभिमानाने घेतली.

पुढे महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. छातीवर महापालिकेने मानलेले ओळखपत्र आले, तेव्हा चोर समजून हटकणे कमी झाले. आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. ज्या स्त्रीला आयुष्यभर दारातून हाकलले गेले, तिच्यासाठी ती लहान नव्हती.

पोत्यापासून ढकलगाडीपर्यंत

सन २००० मध्ये भारत सरकारने शहरांतील घनकचऱ्यासाठी नियम केले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे आणि तो वेगळा ठेवण्यास नागरिकांना उत्तेजन देणे हे नगरपालिकांचे काम ठरले. आता प्रश्न असा होता की हे काम करायचे कोणी? मोठ्या कंत्राटदाराला गाड्या देऊन ते सोपविणे हा एक मार्ग होता. अनेक शहरांनी तोच पत्करला. पंचायतीच्या स्त्रियांनी दुसरा मार्ग मांडला. हे काम आम्ही आधीच करीत आहोत, तेच नीट व्यवस्थेने आम्हालाच करू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. २००५-०६ च्या सुमारास काही भागांत प्रयोग झाला. त्यातून कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि तिचे नाव 'स्वच्छ' असे ठेवले गेले. २००८ साली संस्थेचा महापालिकेशी करार झाला.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. दोघांची जोडी साधारण दीडशे ते तीनशे घरे घेते. ठरलेल्या वेळी ढकलगाडी गल्लीत येते. प्रत्येक घरातून ओला कचरा एका डब्यात आणि सुका दुसऱ्या डब्यात घेतला जातो. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, फुले हा ओला कचरा. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या हा सुका. ओला कचरा महापालिकेच्या गाडीकडे किंवा खताच्या ठिकाणी जातो. सुका कचरा एका शेडमध्ये पुन्हा निवडला जातो. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, पुठ्ठा वेगळा, कडक प्लास्टिक वेगळे, मऊ वेगळे. भंगाराच्या बाजारात प्रत्येकाला निराळा भाव असतो आणि तो या स्त्रियांना तोंडपाठ असतो. मालावर नुसता हात फिरवून तो कोणत्या ढिगात जाईल हे त्या सांगतात. कोणत्याही यंत्राला ही नजर स्वस्तात मिळत नाही.

त्यांच्या उत्पन्नाच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे प्रत्येक घराने दरमहा द्यायचे ठरलेले शुल्क. दुसरी म्हणजे सुका माल विकून मिळणारे पैसे. या दोन वाटा का हव्यात, हे नीट समजून घेतले पाहिजे. भंगाराचा भाव कायम राहत नाही. २००८ च्या जागतिक मंदीत कागदाचा आणि इतर भंगाराचा भाव एकाएकी कोसळला. केवळ भंगारावर जगणारी व्यवस्था असती तर अशा वेळी गल्लीत कोणी आलेच नसते. शुल्क ठरलेले असल्यामुळे भाव पडला तरी गाडी येते. कचरा उचलणे ही सेवा आहे आणि सेवेचे मोल द्यावे लागते, एवढी साधी गोष्ट या हिशेबात आहे.

आज या संस्थेत साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी आहेत आणि लाखो घरांच्या दारापर्यंत त्या पोहोचतात. सभासद स्वतःच संस्थेचे मालक आहेत. काल जी स्त्री कुंडीत वाकलेली दिसे, ती आज ठरलेल्या वेळी दारावर येते, घंटी वाजवते आणि घरातली मंडळी तिला नावाने हाक मारतात.

सगळे सुरळीत झाले असे नाही

ही गोष्ट सांगताना केवळ गोड बाजू सांगणे योग्य होणार नाही. अडचणी पुष्कळ आल्या आणि आजही येतात.

पहिली अडचण घरातच आहे. कित्येक घरांत दोन डबे असतात, पण दोन्हींत सगळेच पडते. भिजलेल्या वर्तमानपत्राला भाव नाही आणि प्लास्टिक मिसळलेल्या सालींचे चांगले खत होत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या आळसाने दोन्ही डबे वाया जातात आणि निवडण्याचा भार त्या बाईच्या उघड्या हातांवर पडतो. फुटलेली काच कागदात न गुंडाळता टाकली की रक्त तिचे निघते.

दुसरी अडचण लाजेची आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे लंगोट उघडेच कचऱ्यात येत. त्याविषयी बोलायला कोणी तयार नव्हते. या स्त्रियांनीच तो विषय उघडपणे मांडला. अशा वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही त्या न उघडता बाजूला ठेवू, असे त्यांनी सांगितले. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या त्यांनी स्वतः बनवून विकल्या. वापरलेली पॅड त्या त्या उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून, तुमच्या मालाचे पुढे काय होते ते पाहा, असेही त्यांनी बजावले. एक लाल ठिपका काढायला दमडी लागत नाही. पण तो काढणाऱ्याने पलीकडच्या हाताचा विचार केलेला असतो.

तिसरी अडचण मानाची आहे. कचरा घ्यायला येणाऱ्या बाईंना इमारतीची लिफ्ट वापरू द्यायची की नाही, यावरही शहरात कुरबुरी झाल्या. चार मजले चढून जी आपली घाण खाली नेते, तिला पिण्याचे पाणी विचारणे जड जावे, ही गोष्ट कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.

चौथी अडचण सत्तेची आणि पैशाची. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा हे काम दुसऱ्या कंत्राटदारांकडे द्यावे अशी हालचाल झाली. कष्टकरी स्त्रिया पुन्हा एकत्र आल्या. पण या वेळी त्या एकट्या नव्हत्या. ज्या घरांचा कचरा त्या वर्षानुवर्षे उचलत होत्या, त्या घरांतील अनेक नागरिकांनी त्यांच्या बाजूने आवाज उठविला आणि काम त्यांच्याकडे राहिले. आमच्या मते या सबंध हकीकतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. करार कागदावर होतो आणि कागदाला मुदत असते. दारातली ओळख मात्र मुदत संपल्यावरही उभी राहते.

आणि शहराबाहेर काय घडते, तेही विसरू नये. पुण्याचा न निवडलेला कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांजवळ टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी पसरली, लोकांनी वारंवार गाड्या अडविल्या. एप्रिल २०१७ मध्ये त्या डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी पुन्हा आंदोलन केले. मार शिकोजजवळ राहणाऱ्यांना हे वाचताना काही नवे वाटणार नाही. शहराने जे निवडले नाही, ते कोणत्या तरी गावाला सोसावे लागते.

निर्माल्याची गोष्ट

आपल्या मराठी घरांना जवळची अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गणेशोत्सवात पुण्याच्या नदीघाटांवर विसर्जनाला लाखो माणसे येतात. हार, दूर्वा, फुले असे निर्माल्य पूर्वी मूर्तीबरोबर नदीतच जात असे. 'स्वच्छ' च्या स्त्रिया आता विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभ्या राहतात, भाविकांकडून निर्माल्य हाती घेतात आणि त्यातले प्लास्टिक काढून फुले खतासाठी देतात. देवाला वाहिलेले फूल पुन्हा मातीत जाते. यात श्रद्धेला कोठेही बाधा येत नाही. फूल गटारात कुजण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी जावे, हे कोणाही भाविकाला पटेल.

आपल्याकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. नदीवर आणि समुद्रकाठी झाकरी करीत आपण मूर्ती नेतो. प्रत्येक मराठी मंडळीने विसर्जनाच्या जागी निर्माल्यासाठी दोन मोठी पिंपे ठेवली आणि दोन तरुण त्यांच्यापाशी उभे केले, तर पुढच्या वर्षीपासूनच हे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या गल्लीत सुरुवात कशी करावी?

पुण्याएवढे शहर आपल्याकडे नाही. पण गल्ली तेथेही गल्लीच आहे. तेथील अनुभवावरून एखाद्या गावाने किंवा मोर्सेलमांने सुरुवात करायची असेल, तर आम्हाला पुढील गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, माल कोठे जाणार हे आधी ठरवावे. घरांनी बाटल्या वेगळ्या ठेवल्या आणि लॉरीने त्या पुन्हा त्याच ढिगात टाकल्या, तर लोकांचा विश्वास एका दिवसात उडतो. कागद कोण घेणार, धातू कोण घेणार, प्लास्टिक कोण घेणार, हे घेणाऱ्याशी बोलून नक्की करावे. ज्या वस्तूला घेणारा नाही ती वेगळी ठेवायला सांगू नये.

दुसरी गोष्ट, लहान सुरुवात करावी. पन्नास घरांची एक गल्ली पुरे. दोन-तीन स्त्रिया आणि वरच्या वर्गातील काही मुले यांनी घरोघर जाऊन पाच मिनिटे बोलावे. पत्रक दारात टाकल्याने काम होत नाही. समोर उभे राहून, ही साल येथे आणि ही बाटली तेथे, असे दाखवावे लागते.

तिसरी गोष्ट, वार आणि वेळ बदलू नये. सुक्या मालाचा दिवस बुधवार ठरला तर तो बुधवारच राहावा. पाऊस असो, सण असो, गाडी येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगावे.

चौथी गोष्ट, जे लोक हे काम आधीपासून करीत आहेत त्यांना बोलवावे. आपल्याकडेही जुने लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचे डबे गोळा करून विकणारी माणसे आहेत. नवी योजना आली म्हणून त्यांची भाकरी जाऊ नये. त्यांना मालाची पारख असते आणि ती आपल्याला नसते. त्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि ठरलेला मोबदला द्यावा.

पाचवी गोष्ट, ओला कचरा शक्यतो अंगणातच ठेवावा. आपल्या बेटावरच्या कचऱ्यात ओल्या कचऱ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. ज्यांना अंगण आहे त्यांनी एका कोपऱ्यात खड्डा किंवा भोके पाडलेले पिंप ठेवावे. सालींचा एक थर आणि वाळक्या पानांचा एक थर असे टाकीत जावे. मांस-मासळी आणि तेलकट अन्न त्यात टाकू नये. अधूनमधून खालीवर करावे आणि पाऊस आत जाऊ देऊ नये. आपल्या उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते आणि त्याला मातीचा वास येतो. ज्या मिरचीला आणि कोथिंबिरीला आपण दुकानातून खत आणतो, त्यांना हे फुकट मिळते. रिकाम्या डब्यांत आणि बाटल्यांत पाणी साचून डास होतात, हे २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीने आपल्याला शिकविलेच आहे. सुका माल वेळेवर उचलला गेला तर तोही धोका कमी होतो.

सहावी गोष्ट, हिशेब सर्वांना सांगावा. महिन्याच्या शेवटी किती किलो कागद गेला, किती प्लास्टिक गेले, किती पैसे आले आणि ते कशाला लागले, हे मंडळीच्या फलकावर लिहावे. माणसाला आपल्या कामाचे फळ दिसले की तो पुढच्या महिन्यात अधिक मनाने करतो.

मुलांचा वाटा

शिक्षक या नात्याने दोन शब्द अधिक लिहितो. शाळेत पर्यावरणाचे चित्र काढून मुलाला पारितोषिक मिळते, ते चांगलेच आहे. पण त्याच मुलाला आठवडाभर घरातला ओला आणि सुका कचरा वजन करून वहीत लिहायला सांगावे. आठवड्याच्या शेवटी बेरीज करावी, वर्षाचा अंदाज काढावा, गल्लीतील घरांनी गुणावे. गुणाकार पक्का होतो आणि आकडा पाहून आई-वडीलही विचारात पडतात. मराठीच्या तासाला ओला, सुका, साल, देठ, पुठ्ठा, पत्रा, रद्दी, भंगार हे शब्द शिकवावेत. आपल्या मुलांना मराठी सणासुदीला ऐकू येते, पण रोजच्या वापरातले शब्द कमी होत चालले आहेत. जो शब्द दररोज हाताला लागतो, तो विसरला जात नाही.

आपल्या वाडवडिलांना हे सारे सांगावे लागले नसते. ऊसमळ्यांच्या वस्तीत रिकामी गोणी अंथरूण होई, तेलाचा डबा पाणी भरायला लागे, भाताची पेज गाईला जाई आणि बाटली दुकानात परत दिली की ठेव परत मिळे. गरिबीने त्यांना ते शिकविले होते. आपल्याला गरिबी परत नको आहे. पण वस्तू टाकण्याआधी एकदा हातात धरून पाहण्याची त्यांची सवय मात्र आपण परत घेतली पाहिजे. २०१६ पासून बेटावर प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि आपण कापडी पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागलो. सवय बदलता येते, हे आपण एकदा सिद्ध केलेलेच आहे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. कायदा सरकार करील, लॉरी म्युनिसिपालिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल पाठवील. पण कोणता हात कोणत्या डब्याकडे जाईल, हे प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरातच ठरते. तेथे दुसरा डबा ठेवायला नवा कायदा लागत नाही. या रविवारी तो ठेवावा, काच असेल तर कागदात गुंडाळावी आणि कचरा उचलायला येणाऱ्या माणसाचे नाव विचारावे. पुण्याच्या गल्लीतील काम अशाच लहान गोष्टींनी सुरू झाले. आपल्या गल्लीतही ते होईल, असा आम्हाला विश्वास आहे.